शिरवाळ्यांचं आहे, रश्श्याचं नव्हे

रस्सा चाखला आणि वाटलं, आपली जीभच बिघडलीय. म्हणून मीठ घातलं. पुन्हा चाखला. मग दोन मिरच्या चिरून टाकल्या, मग आणखी दोन. चौथ्यांदा चाखताना लक्षात आलं की मी काजू-मटारच्या रश्श्याची खीर करून ठेवली आहे, आणि बाहेरच्या खोलीत बहिणीच्या सासरची सहा माणसं हात धुऊन पानावर बसायच्या बेतात आहेत.

निवृत्त झाल्यापासून रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. हिची त्याला हरकत नाही, नंतर ओटा मीच पुसायचा एवढी एक अट आहे. त्या दिवशी मला काहीतरी वेगळं करायचं होतं. फडताळात भाचीनं अमेरिकेहून आणलेला नारळाचा डबा पडून होता. इंदूरमध्ये नारळाला चव नाही, ही आजीची कुरकुर भाचीनं लहानपणापासून ऐकलेली. म्हणून कौतुकानं आणलान तिनं. "आजी, आता खोवायचं नाही, वाटायचं नाही, पिळायचं नाही. डबा फोडायचा की झालं." आईनं डबा उलटासुलटा केला, कानाशी धरून हलवला. आतून काही आवाज येईना. "दगड आहे का ग आत?" असं विचारून तिनं तो ठेवून दिला होता.

दगड नव्हता, पण जवळपास तसंच होतं. जानेवारीचे दिवस. खोबरेल साधारण 24 अंशांना गोठतं, त्यामुळे इंदुरात न्हाणीघरातली तेलाची बाटली दिवाळीच्या सुमारास जी घट्ट होते ती संक्रांत उलटून गेली तरी उन्हात ठेवल्याशिवाय हलत नाही. डब्यातही तेच झालं होतं. वर पांढराशुभ्र घट्ट थर आणि खाली पाकासारखं काहीतरी. मी चमच्यानं खणून सगळा ऐवज रश्श्यात लोटला. बोट लावून चाटून बघायला काय जात होतं? पण नाही बघितलं. डब्यावर नारळाचं चित्र होतं, 'कोकोनट' होतं, 'क्रीम' होतं. एवढं वाचून माझं समाधान झालं.

सगळा घोळ मधल्या 'ऑफ'नं केला होता, हे नंतर कळलं. 'कोकोनट क्रीम' म्हणजे नारळाचं पहिलं, जाड दूध. त्यात साखर नसते. 'क्रीम ऑफ कोकोनट' म्हणून जो डबा मिळतो त्यात तेच जाड दूध असतं, पण भरपूर साखर घालून, वर ते फुटू नये म्हणून घट्टपणा आणणारे डिंक वगैरे मिसळून. शब्द तेच, नुसते मागेपुढे केलेले. आणि एक तिसरा प्रकार म्हणजे साधं नारळाचं दूध. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत या बिनसाखरेच्या प्रकारांची वाटणी स्निग्धांशावर केलेली आहे: दुधात किमान 10 टक्के, क्रीममध्ये किमान 20. आपल्या घरात याला पहिलं दूध आणि दुसरं दूध म्हणतात आणि टक्के बोटांना कळतात.

तर रस्सा. मी त्यात चार आमसुलं टाकली. आंबटानं गोडाला थोडा चाप बसतो, पण गोड काही बाहेर निघत नाही. खारट झालं तर बटाटा टाका, तिखट झालं तर दही घाला, असे उपाय ऐकून असतो आपण. गोड झाल्यावर एकच उपाय, तो म्हणजे पदार्थ वाढवणं. माझ्याकडे तेवढे मटार नव्हते. आई आत आली, पळीवरचा थेंब तळहातावर घेऊन चाटलान आणि दोन क्षण गप्प राहिली. मला वाटलं, आता पूजा. पण तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

"अरे, हे शिरवाळ्यांचं आहे, रश्श्याचं नव्हे."

पाहुणे सभ्य होते. त्यातल्या दोघांनी रश्श्यावर जिरावन, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला, भुरभुरलं, एकानं मूठभर शेव घातली आणि "आता जमलं" असं म्हणाला. इंदूरच्या माणसाला शेव घातल्यावर काहीही जमतं, त्यामुळे मी त्याचं प्रशस्तिपत्र धरत नाही.

शिरवाळे इकडच्या फार जणांना ठाऊक नसतील, म्हणून सांगतो. माझी आई कोकणातल्या लांज्याकडची. 1964 साली लग्न होऊन इंदूरला आली. आमचं घराणं होळकरांच्या चाकरीतलं, तीन-चार पिढ्या इथलंच, आमच्या मराठीत 'करून राहिले' आणि 'चालले गेले' केव्हाचंच घुसलेलं. आईच्या माहेरी पाहुणा आला की शिरवाळे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मुटके करून उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच सोऱ्यातून दाबायचे. निवले की सोऱ्या फिरत नाही. म्हणून या कामाला दोन माणसं लागतात, एक सोऱ्या धरणारं आणि एक दाबणारं. आईच्या आठवणीत दाबायला आजोबा, आणि तेही सोवळ्यात. या शेवयांसोबत रस. नारळाचं पहिलं दूध, त्यात किसलेला गूळ, वेलदोडा आणि मिठाचा एक कण. चुलीवर चढवायचं नाही. गूळ हातानंच विरघळवायचा. खापरोळ्या, म्हणजे जाड, जाळीदार धिरडी, त्याही याच रसात बुडवून खातात. म्हणजे गोड केलेलं जाड नारळाचं दूध ही गोष्ट आमच्या घरात पूर्वीपासून होती, फक्त ती डब्यात नव्हती आणि तिला वाटीचं माप होतं.

इंदुरात आल्यावर आईचा रस बंद पडला. तेव्हा इथे ओला नारळ म्हणजे ओटीचा किंवा खजराण्याच्या गणपतीहून आलेला. तो फोडला की निम्म्या वेळा आत खोबरं सुटलेलं, नाहीतर कुजका वास. बाकी सियागंजातून यायचं ते सुकं खोबरं. भाज्यांना ते उत्तम, चटणीला त्याहून उत्तम. पण कोमट पाण्यात भिजवून, वाटून, पिळून जे दूध निघायचं त्यावर तेलाचा तवंग यायचा आणि घशाशी खवट चव राहायची. आईनं दोनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं. नारळी पौर्णिमेला नारळीभात मात्र व्हायचा. समुद्र नसला म्हणून काय झालं? गावातल्या घाणेरड्या खान नदीला नारळ वाहायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

इंदुराला नारळाचं वावडं आहे असं मात्र कुणी समजू नये. छप्पन दुकानवर बटाट्याच्या आवरणात खोबऱ्याचं सारण भरून तळलेलं खोपरा पॅटिस खायला लोक लांबून येतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाचा हा लाडका पदार्थ. आईला ते आवडतं, पण ती त्याला 'करंजीनं बटाट्याचा कोट घातलाय' असं म्हणते.

त्या डब्याचं मूळ शोधत बसलो तेव्हा जरा गंमत कळली. डब्यातलं हे गोड क्रीम कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरचं. रामोन लोपेझ इरिझारी नावाच्या गृहस्थांनी 1950च्या आगेमागे खोबऱ्यातून क्रीम काढून त्यात साखर घालायची पद्धत बसवली. तोवर तिथलेही लोक खोवत, वाटत आणि पिळतच होते. 1954 साली सान हुआनच्या एका मोठ्या हॉटेलात अननसाचा रस, रम आणि हे क्रीम घुसळून पिन्या कोलादा जन्मला, असा त्या हॉटेलाचा दावा आहे. 1978 साली ते पेय बेटाचं अधिकृत पेय ठरलं. म्हणजे डबा मुळात रस्सा-आमटीसाठी नव्हताच, पेल्यासाठी होता. मला हे आधी कळलं असतं तर मटार वाचले असते.

पण त्याच्याही मागे गेलं की नारळ परत आपल्याकडे येतो. जगभरच्या नारळाच्या झाडांचा आनुवंशिक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात नारळाची दोन घराणी निघाली, एक प्रशांत महासागराकडचं आणि एक हिंदी महासागराकडचं. अटलांटिकच्या काठावरचे नारळ या दुसऱ्या घराण्यातले, युरोपीय जहाजांतून गेलेले. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचाच. तिकडे जाऊन गोड झाला." माझ्या चुलत्यांचंही तसंच झालं होतं, हे तिनं पुढे जोडलं. तो विषय वेगळा.

पुढच्या खेपेला भाचीनं पुन्हा दोन डबे पाठवले. कुणाच्या तरी सामानातून आले. रश्श्याची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. आता हे संपवायचे कसे? फेकणं आमच्या घरात बसत नाही. हिची साखर हद्दीवर. डॉक्टरांनी नुसतं बोट दाखवलंय, गोळी दिलेली नाही. त्यामुळे मी या वेळी चष्मा लावून डब्याची मागची बाजू वाचली. दोन मोठे चमचे म्हणजे एक वाढणी, आणि तेवढ्यात 20 ग्रॅमच्या वर साखर. म्हणजे चहाचे पाच चमचे. डब्याचा निम्म्याहून जास्त भाग साखरच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला वरून घातलेल्या साखरेची साधारण 50 ग्रॅम, आणि 25च्या आत राहिलं तर अधिक बरं. दोन चमच्यांत पंचविसाचं बहुतेक खातं संपलं. शिवाय नारळाची चरबी. खोबरेलातली सुमारे 90 टक्के संपृक्त, तुपाहूनही जास्त. नारळ सात्त्विक असतो हे खरं, पण ते रक्ताच्या नळ्यांना कुणी सांगितलेलं नाही.

बरेच दिवस मी या डब्याकडे नारळ म्हणून बघत होतो आणि तिथेच चुकत होतो. मग एकदा आई अळूच्या पातळ भाजीला चिंच-गूळ घालताना बघितलं. गूळ घातलान, मग खोबऱ्याचे काप घातलेन. आणि एकदम उजेड पडला. आपल्या रोजच्या कितीतरी पदार्थांत गूळ आणि नारळ जोडीनंच जातात. आमटी, डाळिंब्यांची उसळ, भोपळ्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर. या डब्यात ती जोडी आधीच लागलेली आहे. तेव्हा तो फडताळात खोबऱ्याशेजारी ठेवायचा नाही, गुळाच्या डब्याशेजारी ठेवायचा. जिथे गुळाचा खडा पडणार तिथे याचा एक चहाचा चमचा, आणि गूळ बंद. मोठा चमचा नव्हे. चौघांच्या आमटीला चहाचा एक चमचा म्हणजे माणशी साखर एका ग्रॅमच्या आसपास. तेवढी तर आपण नकळत घालतच असतो.

त्यातही सगळीकडे जमलं असं नाही. आमटीत बरं लागलं, पण गुळाचा तो मातकट खमंगपणा नाही. गोडा मसाला आणि डब्यातली पांढरी साखर यांचं फारसं जुळत नाही, हे माझं मत. भोपळ्याच्या भरतात मात्र छान. लाल भोपळा वाफवून कुसकरायचा, दही, मोहरी फेसून, हिरवी मिरची, मीठ, आणि चमचाभर हे. मोहरीचा झणका आणि नारळाचा मऊपणा एकमेकांना धरून राहतात. अननसाच्या रायत्यात पहिल्यांदा फजिती झाली. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं, ते दह्यातली प्रथिनं तोडतं आणि अर्ध्या तासात रायतं कडू होतं. मी कडूपणाचा दोष डब्याला दिला होता. आता अननसाच्या फोडी आधी पाच मिनिटं शिजवून घेतो, निववतो, मग दही. त्यात जिरेपूड, मीठ, तिखटाची चिमूट आणि अर्धा चमचा क्रीम. साखर नाही.

पण डब्याचं खरं घर मला सापडलं ते भुट्ट्याच्या किसात.

पाऊस सुरू झाला की इंदुरात भुट्टे येतात आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत किसाच्या कढया लागतात. घरी करायचा तर देशी, पांढरा, कोवळा भुट्टा पाहिजे. स्वीटकॉर्न मुळातच इतका गोड असतो की त्यात डबा घातला तर पुन्हा मटार-प्रकरण. दाण्यात नख रोवलं की दुधाची चिळकांडी उडाली पाहिजे. चार भुट्टे किसणीवर किसायचे. माझा चष्मा या कामात दर वेळी पांढरा होतो. कढईत दोन चमचे तूप, मोहरी, जिरं, हिंग, मिरची, हळद. कीस घालून मंद आचेवर परतत राहायचं. इथे घाई केली तर पुढे कितीही दूध घाला, पिठूळ लागतो. कच्चा वास जाऊन तूप कडेनं सुटायला लागेपर्यंत पंधरा मिनिटं तरी जातात, आणि तेवढा वेळ उलथनं खाली ठेवता येत नाही. मग वाटीभर दूध. पुष्कळ घरांत याच वेळी चिमूटभर साखर घालतात आणि शेवटी वर खोबरं पेरतात. मी त्या दुधातच चहाचे दोन चमचे क्रीम मिसळून घेतलं. साखर नाही. वरून खोबरं नुसतं दिसण्यापुरतं. दूध आटलं, कीस मऊ, ओलसर, भांड्याची कड सोडणारा झाला. गॅस बंद करून लिंबू पिळलं, कोथिंबीर घातली.

गॅस बंद केल्यावरच लिंबू, हे मी रश्श्यावरून शिकलो नाही, आईकडून शिकलो. नारळाचं दूध जोरात उकळलं की त्यातली प्रथिनं आकसतात, तेल वेगळं होतं आणि आपण म्हणतो फुटलं. आंबट पडलं की आणखी लवकर. म्हणून सोलकढी विस्तवावर जात नाही. डब्यातल्या क्रीममध्ये डिंक असल्यानं ते जरा जास्त सोसतं, पण जिभेला सवय मंद आचेची बरी.

आईनं कीस खाल्ला. बशी पुढे केलीन, आणखी घेतलान.

"साखर किती घातलीस?"

"नाहीच घातली."

"मग गोड कशानं?"

मी डबा दाखवला. ती म्हणाली, "हा होय," आणि डब्याकडे पहिल्यांदाच जरा आपलेपणानं बघितलान.

उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नये, पत्र्याचा वास लागतो. आधी गरम पाण्यात बुडवून ठेवून वरचा थर विरघळू द्यावा, नीट ढवळावं, मग काचेच्या बरणीत काढावं. मी थोडं बरणीत ठेवतो आणि उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवतो. एकेक वडी निघते. त्यात सोय अशी की वडी काढताना माप आपोआप पाळलं जातं. बरणीतला चमचा हिच्या नजरेआड वाढत जातो. वडी अर्धी करायची तर सुरी घ्यावी लागते, आणि तेवढ्या वेळात माणूस भानावर येतो.

दुसरा डबा संपेपर्यंत मी घरीही करून बघितलं. आता इंदुरात ओले नारळ वाटेल तेव्हा मिळतात, आईची जुनी तक्रार निम्मी निकालात निघालेली आहे. एक नारळ खोवून वाटीभर कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढला, जुन्या धुतलेल्या पंचातून पिळला. वाटीभर जाड दुधाला पाऊण वाटी साखर सांगतात. मी अर्धीच घातली आणि मीठ. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवलं. डब्यासारखं दाट होत नाही, फ्रिजमध्ये थर सुटतात, आणि चार-पाच दिवसांत संपवावं लागतं. पण वास! झाकण काढलं की आई आतल्या खोलीतून विचारते, "नारळ फोडलास का?" डबा उघडल्यावर तिनं हे कधी विचारलेलं नाही.

त्याच वासावर श्रावणात शिरवाळे झाले. सोऱ्या माळ्यावर सापडला, जाळी गंजलेली होती, ती लिंबू-मिठानं घासून घेतली. धरायला ही, दाबायला मी, आणि आई खुर्चीवर बसून "निवले, निवले, हात चालव" असं ओरडायला. पहिला घाणा तुटला, दुसरा बरा पडला. रसाला तिनं साखरेला हात लावू दिला नाही, गूळच. मी लाडात येऊन विचारलं, रस दाट व्हायला डब्यातला एक चमचा घालू का? तिनं थोडा वेळ विचार केलान आणि "घाल, पण मग गूळ तेवढा काढ" म्हणाली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई. मला जे समजायला काजू-मटारची आहुती द्यावी लागली, ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

हिनं अर्धी वाटी खाल्ली आणि रात्रीच्या जेवणात भात घेतला नाही. आईनं दोन वाट्या खाल्ल्या आणि तिला कुणीही काही म्हणालं नाही.

परवा भाचीचा फोन होता. डिसेंबरात येतेय, आजीला काय आणू, डबे किती आणू? फोन स्पीकरवर होता. आईनं पलंगावरूनच सांगितलं:

"एकच आण ग. दोन आणलेस तर हा रश्श्यात घालील."